बाळासाठी उकळलेलं पाणी

मॉरिसव्हिलमध्ये आम्हा इथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी मंडळींत शनिवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवण असतं, आणि जेवणं उरकली की कुणीतरी माझ्या कामाचा विषय काढतं. विचारतात कौतुकाने, पण उत्तर ऐकायला थांबत नाहीत. "तू त्या गावांमध्ये पाणी टेस्ट करायला जातेस ना? यार, ते लोक सायन्सवर बिलीव्हच करत नाहीत. कसं हॅन्डल करतेस?" एवढं म्हणून माणूस गुलाबजामच्या भांड्याकडे वळतो. माझं डोकं फिरतं. यांतल्या एकानेही त्या गावांत कधी गाडी थांबवलेली नाही. बीचला जाताना ती गावं काचेतून मागे पडतात, तेवढीच यांची ओळख. तरी तिथल्या माणसांच्या मनात काय आहे ते यांना पक्कं ठाऊक असतं. मी वाद घालत नाही. घालायचा तर मला एका आजीबद्दल सांगावं लागेल, आणि ते हातात वाटी घेऊन सांगण्यासारखं नाही.

मी पुण्यात रसायनशास्त्र शिकले, इथे येऊन त्यातच पीएच.डी. केली, आणि आता एका संशोधन प्रकल्पात घरगुती बोअरचं पाणी तपासते. राज्याच्या पूर्वेकडे अशा वस्त्या आहेत, की तिथे सार्वजनिक पाणीपुरवठा पोचलेलाच नाही. ज्याचं त्याचं बोअर, आणि ते बरं की वाईट हे ज्याचं त्याने बघायचं. आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं, मधूनमधून डुकरांच्या लांबच लांब शेडा. शेडांमधली घाण तळ्यांत साठवतात आणि तिथून शेतांवर फवारतात. वास इतका की गाडीच्या काचा बंद असल्या तरी घशात बसतो. हे सगळं जमिनीत मुरतं. त्यातलं काय आणि किती बोअरमध्ये उतरतं, हे आम्हाला बघायचं होतं.

पण बघायला आधी कुणी दार उघडायला हवं. पडदा हलायचा, आत टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, आणि दार बंदच राहायचं. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी वाट लावून ठेवली होती. कुणी बाटल्या भरून नेल्या आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. कुणी निकाल कळवला तो अशा भाषेत, की वाचून माणसाला पाणी प्यावं की ओतून द्यावं तेच कळू नये. कुंपणापलीकडून एक गृहस्थ मला शांतपणे म्हणाले, "तुम्ही आमच्या पाण्यावर लेख लिहिता, तुम्हाला बढती मिळते. आमचं पाणी होतं तिथेच राहतं." ते चर्चमधले मानकरी होते, त्यांच्या शब्दाला वस्तीत वजन होतं. बोलत होते ते खरंच होतं.

ज्या एकाच घराचं दार पहिल्या दिवशी उघडलं, ते त्या आजीचं. तोंडावर मी तिला तिकडच्या रीतीने मॅम म्हणायचे, मनात मात्र आजीच. ती मला हनी म्हणायची, पण ती दुकानातल्या मुलीलाही हनीच म्हणायची. जन्मभर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. मांस आतून किती गरम झालं पाहिजे, हात किती वेळ धुवायचे, दुधाचं क्रेट बाहेर किती वेळ चालतं, सगळं तिला तोंडपाठ, आणि आरोग्य खात्याच्या तपासणीत तिचं स्वयंपाकघर कधी नापास झालं नव्हतं याचा तिला केवढा अभिमान. "माहितगार माणसाने सांगितलं की तसं करायचं," ती मला म्हणाली. "सांगितलंय त्याहून थोडं जास्तच करायचं. पोरांच्या पोटाचा प्रश्न असतो."

एका रविवारी ती मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. प्रार्थना संपल्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "ही बाई लांबून येते, गोड बोलते, आणि आपलं पाणी फुकट तपासून देणार आहे. तुम्ही तिला दार उघडत नाही म्हणे. मला तुमची लाज वाटते." लोक हसले. पण त्याच दुपारी चर्चच्या जेवणघरात तळलेली कोंबडी खाता खाता एकेकाने मला आपला पत्ता दिला. कुंपणापलीकडच्या गृहस्थांनीसुद्धा. माझ्या पदवीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास तिच्यावर होता, आणि तिचा माझ्यावर.

नमुने घ्यायला सुरुवात होणार, तेवढ्यात वादळ आलं. वारा कमी होता, पाऊसच फार. नदी शेतांत शिरली, तळी फुटली, रस्ते बुडाले. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, सगळ्यांना कळवलं की बोअरचं पाणी उकळून प्या. पुरानंतर पाण्यात जंतू असतात, त्यासाठी ते बरोबरच होतं. आजीचं घर जरा उंचावर म्हणून वाचलं. तिच्या लेकीचं ट्रेलरचं घर मात्र छातीइतक्या पाण्यात गेलं, आणि लेक तान्ही मुलगी घेऊन आईकडे राहायला आली. लेक एकटी, कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. कारखाना सुरू झाल्याबरोबर तिला शिफ्टवर जावं लागलं, आणि नात आजीच्या हाती आली. बाळ बाटलीच्या दुधावर होतं. पावडर डब्यातली, पाणी घरचं.

रस्ते उघडल्यावर मी पहिल्यांदा आजीच्याच घरी गेले. स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ धरली होती. स्टोव्हवर शाळेतून आणल्यासारखं मोठं पातेलं मंद उकळत होतं. मला क्षणभर माहेरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे पावसाळ्यात असंच पातेलं चढायचं, आणि आई अजूनही फोनवर विचारते की पाणी उकळून पिता ना. आजीने मला हौसेने सांगितलं की हे पातेलं ती उतरवतच नाही. सकाळपासून चालू. पाणी कमी झालं की वरून भर घालायची, पुन्हा उकळायचं. लोक एकदा उकळी आली की उतरवतात, तसलं काम तिला पसंत नव्हतं. "बाळासाठी आहे, हनी. बाळासाठी अर्धवट काम नको."

मी मागच्या अंगणात जाऊन बाटल्या भरल्या. प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागतो, पण माझ्याजवळ कागदाच्या पट्ट्या असतात. पाण्यात बुडवली की नायट्रेट असेल तर पट्टी गुलाबी होते. नायट्रेट खतातून येतं, शेणातून येतं, डुकरांच्या घाणीतून येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला सहसा त्याचं काही कळतही नाही, पण तान्ह्या बाळाचं रक्त त्याने असं होऊन जातं की श्वासातला प्राणवायू त्याला वाहून नेता येत नाही. अंगणातल्या नळाची पट्टी गुलाबी झाली, बाळाला चालणार नाही इतकी. ती हातात धरून उभी असताना माझ्या डोक्यात पातेलं आलं. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही. वाफ होऊन जातं ते पाणी, आणि ते मागे उरतं. वरून नवं पाणी ओतलं की त्यातलंही त्यात जमा होतं. दिवसभर उकळा, रोज उकळा, भर घालत राहा, की ते वाढतच जातं. ही चूक आळशी माणसाच्या हातून होऊच शकत नाही. ती करायला इतकी काळजी लागते.

मी आत धावले आणि पातेल्यात पट्टी बुडवली. ती गडद झाली, डबीवरच्या शेवटच्या रंगाइतकी. मग मी बाळाकडे पाहिलं. पाळण्यात होतं, जागं, रडत नव्हतं. ओठ राखाडी निळे. नखंही.

"तिला गार वाटतंय," आजी म्हणाली. "कालपासून हीटर वाढवलाय."

मी अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पूल वाहून गेला होता, गाडी वस्तीपर्यंत येऊ शकत नव्हती, त्यांनी हमरस्त्याच्या चौकात भेटायला सांगितलं. प्रकल्पाच्या गाडीत बाहेरच्या कुणाला बसवायचं नाही असा नियम आहे. मी बसवलं. आजी मागच्या सीटवर बाळाला छातीशी धरून बसली आणि वाटभर मला विचारत राहिली की काय झालंय, आणि मी रस्त्यावरचा चिखल चुकवत म्हणत राहिले की पाणी, पाण्यामुळे असेल, डॉक्टर बघतील. आरशात मला बाळाची टोपी तेवढी दिसत होती. मला देव फारसा आठवत नाही, पण त्या रस्त्यावर आठवला.

हॉस्पिटलात रक्त काढलं ते तपकिरी होतं. मी पुस्तकात वाचलं होतं तसंच, आणि पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर सुईतून वर चढताना पाहणं फार वाईट. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मी सांगितलेलं नीट ऐकून घेतलं, औषध दिलं, आणि बाळाच्या ओठांवर हळूहळू रंग आला. बाळ वाचलं. पुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवून काही दिवस ठेवलं. लेक कारखान्यातून तशीच आली, रबरी बुटांत. डॉक्टरांनी तिला घाईत सांगितलं की दोष बोअरच्या पाण्याचा आहे, आणि तिने आईला तेवढंच सांगितलं.

इकडे वस्तीत बोलणं सुरू झालं. मी आणि काउंटीची माणसं घरोघर सांगत फिरलो की तान्ह्या बाळांना बोअरचं पाणी द्यायचं नाही, उकळूनही नाही, उकळून तर नाहीच. आजी तेव्हा बाळापाशी हॉस्पिटलात होती. चर्चच्या अंगणात मानकरी गृहस्थांनी मला गाठलं. आवाज चढवला नाही. "मागच्या महिन्यात सांगितलंत उकळा. आता सांगता उकळू नका. तुमचं काय ते एकदा ठरवा, मग या." मी समजावू लागले की जंतूंचं वेगळं आणि नायट्रेटचं वेगळं, आणि बोलता बोलता माझ्याच कानांना ते पळवाट काढल्यासारखं वाटू लागलं. ज्यांनी पत्ते दिले होते त्यांतल्या बऱ्याच जणांनी नमुने द्यायला नकार दिला. बाळ का आजारी पडलं याची कारणं वस्तीत हवी तेवढी होती. कुणी म्हणे लस टोचली म्हणून. कुणी म्हणे डुकरांच्या कंपनीने पुराच्या आडोशाने विष सोडलं. कुणी म्हणे ही बाई अंगणात बाटल्या घेऊन काय करत होती ते विचारा.

बाळ घरी यायच्या आधी लेकीने मला फोन केला. ती फारशी बोलणारी नाही. "तुम्ही या," ती म्हणाली. "मला पुन्हा शिफ्टवर जायचंय, बाळ तिच्याकडेच राहणार. आणि ती पातेलं उतरवत नाहीये. मी बोलले तर भांडण होतं."

मी गेले. ओसरीवर मदत म्हणून आलेल्या बाटलीबंद पाण्याचे खोके नव्हते. आजीने ते शेजाऱ्यांना वाटून टाकले होते, आपल्याकडे उकळलेलं आहे म्हणून. काचांवर वाफ तशीच. पातेलं तसंच. तिच्या हिशेबाने बोअर वाईट निघालं ते खरं, पण ती उकळत होती म्हणून बाळ वाचलं. आता ती रात्रीही शेगडी बंद करत नव्हती.

खोटं सांगायची सोय होती. कंपनीवर ढकलता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. पुरावर ढकलता आलं असतं. पण दोन दिवसांनी ते बाळ त्या घरात येणार होतं, आणि त्याची बाटली ती भरणार होती. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. सावकाश, साध्या शब्दांत. वाफेचं सांगितलं, मागे काय उरतं ते सांगितलं. मीठ घातलेलं पाणी आटलं की जास्त खारट लागतं, तसं. तिला जन्मभराच्या स्वयंपाकाने ते लगेच कळलं, आणि तेच वाईट झालं.

तिने पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी उकळलं नसतं तर?"

"तरी पाणी वाईटच होतं, मॅम. बोअरमध्येच होतं ते."

"मी ते नाही विचारलं."

मी म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कदाचित बाळाला त्रास झाला नसता, कदाचित कमी झाला असता, कदाचित उशिरा झाला असता. आम्ही असंच बोलतो, आणि लोकांना वाटतं की आम्ही हात झटकतोय. तिला तसं वाटलं नाही. ती उठली, शेगडी बंद केली, पातेलं दोन्ही हातांनी उचलून मागच्या अंगणात नेलं आणि पाणी गवतात ओतलं. मी मदतीला गेले तर मानेनेच नको म्हणाली. ती माझ्याशी वाद घालेल, मला घराबाहेर काढेल, याची तयारी करून मी गेले होते. तिला हवं ते कारण उचलता आलं असतं, सगळी वस्ती ती कारणं घेऊन तिच्या दारात उभी होती. तिने माझं घेतलं. मला त्या वेळी माझ्या सगळ्या विद्येचा राग आला.

पुढे चर्चने आणि प्रकल्पाने मिळून तिच्या सिंकखाली नायट्रेट काढणारं यंत्र बसवून दिलं. मी घरी जेवताना हे सांगितलं, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "सो इट वर्क्ड, आई. शी लिसन्ड टू यू." मी हो म्हणाले. अहवालातही तेच लिहिलं होतं.

वसंतात मी पाणी पुन्हा तपासायला गेले. यंत्राचं पाणी स्वच्छ निघालं. नात रांगायला लागली होती, गुटगुटीत, गालांवर लाली, जे दिसेल ते तोंडात घालणारी. लेक घरीच होती. तिने कारखान्याची नोकरी सोडून दुकानात अर्धवेळ काम धरलं होतं, पगार कमी, पण दुसरा इलाज नव्हता, कारण आजी बाळाला हात लावत नव्हती. बाटली नाही, आंघोळ नाही, मांडीवरसुद्धा नाही. खिडकीशी खुर्चीत बसायची, स्वेटरच्या खिशांत हात घालून. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी समजावलं, पास्टर येऊन गेले, मानकरी गृहस्थ येऊन सांगून गेले की ते शास्त्रज्ञ काय वाटेल ते बरळतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

लेक स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगा. ती फक्त तुमचं ऐकते."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन आजीशेजारी बसले. बाळ जमिनीवरून तिच्याकडे रांगत आलं, तिच्या पँटचं कापड मुठीत धरून उभं राहायची खटपट करू लागलं. आजीने पाय हलवला नाही आणि हातही काढले नाहीत. मी म्हणाले, "मॅम, तुमच्या हातून तिला काहीही होणार नाही. तुम्ही तिला उचला. हे मी तुम्हाला शंभर टक्के सांगते." माझ्या धंद्यात असं कुणी बोलत नाही. मीही कुणाशी कधी बोलले नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, उलट जरा कीव आल्यासारखं.

"हनी," ती म्हणाली, "तू आजवर मला कधी खोटं सांगितलं नव्हतंस."

मग तिने लेकीला हाक मारली, बाळाला उचलून न्यायला.